यार्देनेच्या उतारावरची परीक्षा

जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एका परीक्षेची हकीकत आली आहे. गिलादी आणि एफ्राइमी यांच्यात युद्ध झाले. हरलेले एफ्राइमी यार्देन नदी ओलांडून आपापल्या घरी परतू लागले, तेव्हा गिलाद्यांनी नदीचे उतार अडवून धरले. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच शब्द उच्चारायला सांगत : 'शिब्बोलेथ'. एफ्राइमी माणसाच्या जिभेला तो 'श' वळत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तिथेच मारला जाई. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली, असे शास्त्र सांगते. या शब्दाचा एक अर्थ धान्याचे कणीस असा आहे. कणीस म्हणजे काय हे दोन्ही बाजूंना चांगले ठाऊक होते. दोघांच्याही शेतात ते पिकत होते. ज्याचा जीव गेला त्याला कणीस कळत नव्हते असे नाही. त्याला 'श' म्हणता येत नव्हता, एवढेच.

आमच्या धर्मग्रामांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक परीक्षा या नावांनी दरवर्षी हाच उतार अडवला जातो, असे म्हटले तर वाचकांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. रक्त सांडत नाही, हे खरे. पण परत पाठवले जाते ते आमचेच मूल, आणि कारणही तेच : कणीस कळते, 'श' येत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या नात्यातील एक मुलगा पाचवीत आहे. त्याच्या विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता : समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसे मिळते ते सांगून त्यामागील क्रिया स्पष्ट करा. गुण तीन. या मुलाच्या आजोबांची उमेद मिठागरात गेली. भरतीचे पाणी कसे आत घेतात, एका खाचरातून दुसऱ्यात कसे सोडतात, ऊन कसे लागते आणि पांढरी साय कशी धरते, हे त्याने आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकले आहे. त्याने लिहिले : 'सन कम. वॉटर गो अप. सॉल्ट सिट डाऊन.' तांबड्या शाईने त्याला शून्य मिळाले. शेजारच्या बाकावरील मुलाने बाष्पीभवनाची व्याख्या पुस्तकातल्यासारखी शब्दन् शब्द उतरवली होती. त्याला तीनपैकी तीन. त्या दुसऱ्या मुलाला आम्ही सहज मराठीत विचारले, 'बाळा, दोरीवर टाकलेले ओले कपडे वाळतात, ते पाणी जाते कुठे?' तो आमच्याकडे पाहत राहिला.

आता आमचा प्रश्न असा आहे की, त्या पेपरने काय तपासले? विज्ञान तपासले असते तर गुण उलटे पडायला हवे होते. भाषा तपासली म्हणावे, तर दुसऱ्या मुलालाही ती येत नव्हती. त्याला पाठांतर येत होते. म्हणजे ज्याला विषय कळला तो नापास, ज्याला कळला नाही तो पास, आणि दोघांच्याही प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापकांची सही. 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा आम्ही मुलांकडून धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून घेतो. त्याच मुलांच्या हाती आम्ही जे प्रगतिपुस्तक देतो, ती त्यांच्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष आहे, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

आमच्या मुलांची भाषिक परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. कोणाच्या घरी सामवेदी, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या घरी कोळीवाड्याची बोली. प्रमाण मराठी ऐकू येते ती मिस्सेत, मासिकात, बातम्यांत. इंग्रजी भेटते ते शाळेच्या दारात. त्या मुलाला ती तिसरी भाषा आहे, आणि त्याच भाषेतून त्याने गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल शिकायचा आहे. अशा मुलाला शब्द कुठे अडवतात याची मोठ्यांना कल्पना नसते. विज्ञानातले मोठमोठे शब्द त्याला अडवत नाहीत. ते तर वर्गात समजावून सांगितलेले असतात. अडवतात ते कोणीच न समजावलेले लहान शब्द. वजाबाकीच्या उदाहरणात 'लेफ्ट' म्हणजे उरलेले; मुलाला तो शब्द कवायतीत भेटला, तिथे तो डावा. 'व्हॉल्यूम' म्हणजे आकारमान. मुलाला तो दूरदर्शन संचाच्या आवाजापुरता ठाऊक. 'टेबल' म्हणजे कधी मेज, कधी पाढा, कधी तक्ता. 'सोल्यूशन' म्हणजे रसायनात द्रावण आणि गणितात उत्तर. त्यात पुन्हा 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही' अशी नकाराची गाठ मारलेली. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते ते मूल ही गाठ सहज सोडवते. आमचे मूल तिथेच अडकते, आणि आम्ही म्हणतो, गणितात कच्चे आहे.

यावर शिक्षकांचे एक ठरलेले उत्तर असते : 'पण तो मैदानावर तर फाडफाड इंग्रजी बोलतो. आळशी आहे, दुसरे काय?' या गैरसमजावर कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच बोट ठेवले. बोलचालीची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी, असा भेद त्यांनी केला. समोर माणूस असतो, हातवारे असतात, वस्तू दिसत असते, तेव्हाची भाषा मूल साधारण दोन वर्षांत आत्मसात करते. कागदावरची, कारण आणि परिणाम मांडणारी, 'जर' आणि 'तर' जोडणारी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. हा हिशेब अशा देशातला, जिथे रस्त्यावर, दुकानात, शेजारी इंग्रजीच ऐकू येते. आमच्या मुलाला इंग्रजी मिळते ते शाळेच्या पाच-सहा तासांत, तेही बरेचसे फळ्यावरून वहीत उतरवण्यापुरते. त्याला सवड कमी नव्हे, जास्तच द्यायला हवी.

परक्या भाषेतील परीक्षेने मुलाचे किती नुकसान होते, याचा निवाडा इतर देशांत न्यायालयापर्यंत गेला आहे. कॅलिफोर्निया राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील नऊ मुलांना इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी दिली गेली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवण्यात आले. त्यांची पुन्हा त्यांच्या भाषेत चाचणी घेतली, तेव्हा त्यांच्यातील बहुतेक मुले मतिमंद नव्हतीच असे दिसून आले. १९७० साली त्या खटल्यात तडजोड झाली आणि मुलांची चाचणी त्यांच्या मातृभाषेतही घेण्याचे राज्याने मान्य केले. पुढे १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, सर्वांना एकच पुस्तक, एकच शिक्षक, एकच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. ज्याला शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्याला खरे तर काहीच दिलेले नसते. 'सर्वांना एकच पेपर, मग अन्याय कसला?' असे आमच्या पालक सभांत मोठ्या आत्मविश्वासाने विचारणाऱ्यांनी हा निवाडा जरूर ध्यानात घ्यावा. यार्देनेच्या उतारावरही सर्वांना एकच शब्द विचारला होता.

आता आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप : 'तुम्हांला इंग्रजीच नको आहे.' हे खरे नाही. मातृभाषेतून शिक्षण हेच उत्तम, असे आमचे मत आहे व ते आम्ही लपवत नाही. पण ती लढाई वेगळी. ज्या पालकांनी इंग्रजी माध्यम निवडले त्यांची मुले आज वर्गात बसली आहेत, आणि त्यांना न्याय मिळावा एवढेच आमचे म्हणणे आहे. उलट आम्ही असे विचारतो की, इंग्रजीच्या पेपरात तरी इंग्रजी तपासले जाते का? 'माझा आवडता मित्र' हा निबंध गाईडमधून पाठ केलेला. पन्नास मुलांच्या आवडत्या मित्राचे नाव एकच आणि त्याचे केस सारखेच कुरळे. उतारा पुस्तकातलाच, प्रश्न वर्गात सोडवलेले, उत्तरे फळ्यावरची. ऐकून समजते का, हे कोणी तपासत नाही. चार वाक्ये स्वतःच्या मनाने बोलता येतात का, याला कवडीचा गुण नाही. दहा वर्षे इंग्रजीत उत्तीर्ण झालेली मुलगी बँकेत अर्ज भरताना दुसऱ्याकडे पाहते, याचे कारण दहा वर्षांत तिचे इंग्रजी कोणी तपासलेच नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा : 'सोपी भाषा म्हणजे सोपा पेपर.' एक उदाहरण घेऊ. एका पेपरातील गणित आम्ही मराठीत उतरवून देतो : 'प्रत्येकी बारा केळी असलेल्या सात फण्या ज्याने बाजारातून खरेदी केल्या होत्या अशा विक्रेत्याला, वाहतुकीदरम्यान त्यांपैकी एकोणीस केळी नासल्याचे आढळून आल्यास, विक्रीयोग्य अशी किती केळी त्याच्यापाशी शिल्लक राहिली असतील?' वाचकहो, आपल्या मातृभाषेतही हे वाक्य दोनदा वाचावे लागते. आता हेच गणित : 'एका विक्रेत्याकडे ७ फण्या आहेत. प्रत्येक फणीत १२ केळी आहेत. १९ केळी नासली. चांगली केळी किती?' गुणाकार तोच, वजाबाकी तीच, उत्तर पासष्टच. गणित तिळभर सोपे झाले नाही; वाटेतला दगड तेवढा उचलला. अमेरिकेत जमाल अबेदी आणि कॅरल लॉर्ड यांनी आठवीच्या हजाराहून अधिक मुलांवर असाच प्रयोग करून २००१ साली तो प्रसिद्ध केला. गणिते तीच ठेवली, वाक्ये सुटी केली. फरक अचाट नव्हता. पण ज्यांचे इंग्रजी कच्चे होते त्यांना त्याचा लाभ अधिक झाला. दर्जा प्रश्नातील विचारात असतो. तो वाक्याच्या लांबीत शोधणारा शिक्षक स्वतःच्या विषयाचा दर्जा ओळखत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : 'दहावीला बोर्ड कोणाची गय करत नाही. आज लाड केले तर उद्या मूल बुडेल.' आमच्या वाड्यांतून मुलांना विहिरीत पोहायला कसे शिकवत, ते आठवा. पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडत. काही दिवसांनी डबा लहान करत, मग सोडून टाकत. एक दिवस मूल मोकळे पोहे. डबा बांधला म्हणून कोणी पोहणे विसरले नाही. आणि 'समुद्रात डबा कोण देणार?' म्हणून पहिल्याच दिवशी मुलाला तसेच ढकलून देणारा बाप आम्ही पाहिला नाही. पहिली ते चौथी भरपूर आधार, पाचवी ते सातवी थोडा, आठवीपासून बोर्डाच्या धर्तीचे प्रश्न आणि त्या भाषेचा मुद्दाम सराव, हा क्रम ठेवला तर दहावीचे मूल अधिक भक्कम उभे राहील.

चौथा आक्षेप शिक्षकांच्या सवडीचा. एका वर्गात साठ मुले, तपासायला गठ्ठे, वर जनगणना आणि निवडणुकीची कामे. त्यांचा भार आम्ही जाणतो. पण पेपर तर त्यांना काढावाच लागतो. तो जुन्या पेपरावरून किंवा गाईडवरून उतरवण्यात जो तास जातो, तोच तास शहाणपणाने घालवावा, एवढीच विनंती.

तो कसा घालवावा? प्रत्येक प्रश्नापुढे आधी एका ओळीत लिहावे की, हा प्रश्न नेमके काय तपासतो. ती ओळ लिहिता आली नाही तर प्रश्न काढून टाकावा. विषयाचा पारिभाषिक शब्द ठेवावा, कारण तो शिकवलेला आहे व यायलाच हवा. मात्र भोवतालची वाक्ये आखूड असावीत, एका वाक्यात एकच गोष्ट असावी, नकार टाळावा, टाळता येत नसेल तर तो शब्द ठळक करावा. नव्या तऱ्हेचा प्रश्न असेल तर एक सोडवलेला नमुना वर द्यावा. सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि खालच्या वर्गांत त्या मराठीतही सांगाव्यात. सूचना कळली की नाही, ही काही परीक्षा नव्हे. उदाहरणे मुलाच्या जगातली असावीत : बर्फाच्या गोळ्यांशी खेळणारी मुले आणि शेकोटीपाशी बसलेली आजी यांच्याऐवजी मिठागर, केळीची बाग, मासळीची पाटी, लोकलचे वेळापत्रक.

उत्तर देण्याच्याही वाटा अनेक असाव्यात. पाण्याचे चक्र काढून दाखवता येते, त्याला नावे देता येतात. तक्ता भरता येतो. जोड्या लावता येतात. प्रयोग करून दाखवता येतो. खालच्या वर्गांत मुलाने कारण मराठीत लिहिले तर ते वाचणारा शिक्षक शाळेत नाही असे थोडेच आहे? आणि तपासताना आशयाचे गुण एका रकान्यात, भाषेचे दुसऱ्या रकान्यात द्यावेत. 'वॉटर गो अप, सॉल्ट सिट डाऊन' या उत्तराला विज्ञानाच्या रकान्यात दोन गुण आणि भाषेच्या रकान्यात शून्य मिळाले असते, तर आम्ही एक शब्दही बोललो नसतो. उलट त्या मुलाला काय येते आणि काय शिकवायचे राहिले, हे त्या दोन आकड्यांत त्याच्या टीचरला स्पष्ट दिसले असते. परीक्षा घ्यायची ती याचसाठी ना?

शेवटी, पेपर तपासून झाल्यावर पाच मिनिटे गठ्ठ्याकडे पाहावे. चाळीस मुलांपैकी तीस मुलांचा एकच प्रश्न चुकला असेल, तर नापास कोण झाले? बहुधा प्रश्न, कदाचित शिकवणे. तीस मुले खचितच नव्हेत.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात, अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरवताना माध्यम शक्य तितके मुलाच्या मातृभाषेचे असावे, तसेच मुलाची समज आणि ज्ञान वापरण्याची क्षमता यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन, फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. म्हणजे चुकीच्या पेपरची किंमत आता मुलाच्या आयुष्यातील एक अख्खे वर्ष असू शकते. आमच्यातील काही जाणकार लगेच सांगतील की, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. ठीक आहे. पण कायद्याने दिलेली मोकळीक सदसद्विवेकबुद्धीची मोकळीक होत नाही. आमच्या शाळा वेगळ्या आहेत असे आम्ही अभिमानाने म्हणतो, तर कायदा सक्ती करत नसतानाही न्याय करणे, हेच ते वेगळेपण असायला हवे.

आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो दूर नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांची मातृभाषा इंग्रजी. त्यांनी साष्टीतल्या लोकांना इंग्रजी शिकून या म्हटले नाही. ते स्वतः इथली भाषा शिकले आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत रचले; १६१६ साली ते छापले गेले. सांगायचे होते ते महत्त्वाचे, म्हणून भाषेचा भार सांगणाऱ्याने उचलला. चारशे वर्षांनी आम्ही तो भार नऊ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात टाकला आहे, आणि त्याला प्रगती म्हणतो आहोत.

पालकहो, दोष एकट्या शाळेचा नाही. प्रगतिपुस्तक हाती आले की आम्ही आकडा पाहतो, पेपर पाहत नाही. शेजारच्या मुलाचे गुण विचारतो, आपल्या मुलाला काय कळले ते विचारत नाही. कमी गुण दिसले की शिकवणी लावतो, आणि शिकवणीत पुन्हा तेच पाठांतर. घरी बोली बोलू नका, असे कोणी सांगितले की आजीलाही गप्प बसवतो. म्हणजे मिठागराची गोष्ट सांगणारे तोंडही आम्हीच बंद करतो.

म्हणून येत्या पालक सभेला जाताना फीची पावती आणि तक्रारींची यादी घरी ठेवा. मुलाचा एक तपासलेला पेपर बरोबर न्या. ज्या प्रश्नाला तांबडी फुली पडली आहे त्यावर बोट ठेवा, आणि शांतपणे, आदराने एवढेच विचारा : 'टीचर, या प्रश्नाने माझ्या मुलाचे नेमके काय तपासले?' उत्तर मिळाले तर आभार माना. नाही मिळाले, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. उताराचा पहारा असाच उठेल.